रात्री नंदनासाठी रडलेले डोळे सकाळी काय पाहतात?

वैशाखातली रात्र. तंजावर शहरापासून अठरा-वीस किलोमीटरवरचे मेलत्तूर गाव. वरदराज पेरुमाळच्या देवळासमोर, रस्त्यावरच मांडव पडला आहे. नृसिंह जयंतीचा उत्सव आहे आणि भागवत मेळ्याचे ‘प्रल्हादचरित्र’ रंगात आले आहे. गाव तमिळ, नाटकाची भाषा तेलुगू आणि प्रेक्षकांत तान्ह्या पोरांपासून काठी टेकत आलेल्या आजोबांपर्यंत सगळे. सर्व भूमिका पुरुषांच्या. प्रल्हादाची आई लीलावतीसुद्धा पुरुषच. गावचेच मेलत्तूर वेंकटराम शास्त्री यांनी दोनशे वर्षांपूर्वी हे नाटक रचले आणि गावाने ते जपले.

पहाटेच्या सुमाराला नरसिंह अवतरतो. त्याचा मुखवटा म्हणजे रंगभूषेच्या पेटीतली वस्तू नव्हे. तो देवळात असतो, त्याची पूजा होते. तो चढवणारा नट उपास करतो. एकदा का मुखवटा चढला, की त्या नटाच्या अंगात येते, त्याला आवरायला माणसे लागतात. समोर बसलेले हात जोडतात. इथे नाटक ही करमणूक नाही, व्रत आहे!

पण याच कावेरीच्या खोऱ्यातल्या देवळांत आणखी एक कला नांदत होती. तिथे नाचणाऱ्या स्त्रियांना मात्र समाजाने ‘नीती बिघडवणाऱ्या’ ठरवले आणि कायदा करून देवळाबाहेर काढले. एक कला पुण्याची, दुसरी पापाची. देऊळ तेच, देवही तेच. मग नाटक माणसाला सुधारते की बिघडवते? घरोघरी टीव्हीसमोर रोज होणारा हा वाद तसा फार जुना आहे. त्याचे उत्तर शोधायला कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या गावांइतकी चांगली जागा नाही. कारण तिथे ही परीक्षा प्रत्यक्ष होऊन गेली आहे.

पहिले नाटक, पहिला गोंधळ

नाटकावरचा पहिला आक्षेप पहिल्याच प्रयोगाला घेतला गेला, असे भरताचे ‘नाट्यशास्त्र’ सांगते. विषय होता देवांनी असुरांवर मिळवलेला विजय. असुर संतापले. आपली बदनामी होते म्हणून त्यांनी प्रयोग उधळला. मग ब्रह्मदेवाने त्यांची समजूत घातली, की नाटक एकट्या देवांचे नाही आणि एकट्या तुमचेही नाही. त्यात सगळ्या जगाचे वागणे दिसते. ज्यांना वेद ऐकण्याची मुभा नव्हती, त्यांच्यासाठीही हा पाचवा वेद निर्माण झाला, असेही तोच ग्रंथ म्हणतो. पण शेवटच्या भागात भरताचीच मुले ऋषींची टिंगल करणारे प्रयोग करतात आणि शाप ओढवून घेतात. म्हणजे नाटकाचे मोठेपण आणि नाटकवाल्यांचा वाह्यातपणा, दोन्ही एकाच ग्रंथात!

ग्रीसमध्ये प्लेटोने आपल्या आदर्श राज्यातून कवी-नाटककारांना वेशीबाहेर ठेवले. नाटक भावना भडकवते आणि विवेक झोपवते, हा त्याचा आक्षेप. त्याचाच शिष्य अ‍ॅरिस्टॉटल याने उलट म्हटले, की करुणा आणि भीती जागवून नाटक मनाचा निचरा करते. पुढे 1642 मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने नाटकगृहांना टाळे लावले. 1758 मध्ये जिनिव्हाच्या रूसोने आपल्या गावात नाटकगृह नको म्हणून लांबलचक पत्र लिहिले. त्यातला एक मुद्दा आजही काट्यासारखा टोचतो. रूसोचे म्हणणे असे, की रंगमंचावरच्या खोट्या दुःखासाठी माणूस रडतो आणि आपण किती दयाळू आहोत, या समाधानात घरी जातो. खऱ्या दुःखितासाठी काही करायची त्याला मग गरजच वाटत नाही!

हा मुद्दा लक्षात ठेवूनच कावेरीकाठी परत जायला हवे.

मराठी राजाची चावट नाटके

1676 च्या सुमाराला शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी तंजावरात भोसल्यांची गादी स्थापन केली. त्यांचे पुत्र शाहजीराजे 1684 ते 1712 या काळात गादीवर होते. राजा स्वतः नाटककार. मराठी, तेलुगू, तमिळ अशा अनेक भाषांत त्यांच्या दरबारात नाटके झाली. त्यांच्या नावावर वीसेक मराठी नाटके सांगितली जातात. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले 1843 मध्ये. तंजावरची मराठी नाटके त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीची आहेत.

याच शाहजीराजांचे ‘सतीदानशूरमु’ नावाचे तेलुगू प्रहसन आहे. देवळाच्या उत्सवाला आलेले एक ब्राह्मण गुरुजी अस्पृश्य जातीतल्या एका विवाहितेवर भाळतात. शिष्य बिचारा शास्त्राची आठवण करून देतो. गुरुजी ऐकतील तर शपथ! शेवटी तिचा नवरा, दान मागणाऱ्याला विन्मुख पाठवू नये म्हणून, बायकोच दान द्यायला निघतो. धर्म, जात, दानाचे माहात्म्य, सगळ्यांची एकाच फटक्यात टर उडते. आज असे नाटक लागले तर किती संघटना मोर्चे घेऊन येतील, याचा विचार केलेला बरा. तेव्हा ते खुद्द राजाने लिहिले.

राज्य बुडाले का? नाही. गुरुजींसारखे लोक सुधारले का? तसेही दिसत नाही. दरबार हसला आणि जातीची उतरंड होती तशीच राहिली.

याच घराण्यातल्या सरफोजीराजांनी, म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणणाऱ्या दुसऱ्या सरफोजींनी (कारकीर्द 1798 ते 1832), नाटकाचा दुसराच उपयोग केला. ‘कुरवंजी’ या प्रकारात डोंगरातली भविष्य सांगणारी बाई येते आणि विरहिणी नायिकेचा हात पाहते. सरफोजींच्या मराठी ‘देवेंद्र कुरवंजी’त ही बाई येते आणि चक्क जगाचा भूगोल सांगते! खंडे, देश, नद्या, पर्वत, सारे गाण्यात. शृंगाराच्या साच्यात राजाने शाळेचा धडा बसवला. म्हणजे साचा चावट की सात्त्विक यावर काही ठरत नाही. त्यात कोण काय ओततो, यावर ठरते.

नाच तोच, नाचणारी बदलली

तंजावरच्या देवळांत आणि दरबारात हे कुरवंजी नाटक, पदे आणि वर्णम नाचून दाखवत त्या देवदासी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजाश्रय संपलेला होता आणि देवाला वाहिलेल्या या मुलींच्या वाट्याला जमीनदारांची मर्जी उरली होती. पुदुक्कोट्टैला जन्मलेल्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची आई याच समाजातली. त्यांनी मद्रासच्या कायदेमंडळात मुली देवाला वाहण्याविरुद्ध विधेयक आणले. मायावरमजवळच्या मूवलूर गावच्या रामामिर्तम अम्मैयार यांनी हे जगणे स्वतः भोगलेले. त्या गावोगाव फिरून आपल्याच बायकांना यातून बाहेर काढू लागल्या. उलट बाजूला बंगळूर नागरत्नम्मांसारख्या विदुषी गायिका होत्या. आमची कला, आमचा मान आणि मालमत्तेवरचा आमचा हक्क काढून घेता, मग देता काय, हा त्यांचा सवाल.

1932 मध्ये हा वाद मद्रासच्या वर्तमानपत्रांत पेटला. वकील ई. कृष्ण अय्यर यांनी नाच वाचवायला हवा म्हणून लेखणी उचलली. हेच अय्यर स्वतः स्त्रीवेषात हा नाच करून दाखवत. मेलत्तूरचा भागवत मेळा खिळखिळा झाला, तेव्हा त्याला उभारी देण्यातही त्यांचा मोठा हात होता. पुढे रुक्मिणीदेवींनी पंदनल्लूर गावच्या गुरूंकडे हा नाच शिकून 1936 मध्ये कलाक्षेत्राची स्थापना केली आणि ‘सदिर’चे ‘भरतनाट्यम्’ झाले. 1947 मध्ये मुली देवाला वाहण्यावर मद्रास प्रांतात कायद्याने बंदी आली.

मुली वाहण्याची प्रथा बंद झाली, हे उत्तमच झाले. त्यात दुमत नाही. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ज्या अडवूंनी आणि पदांनी समाजाची नीती बिघडत होती, तेच अडवू आणि त्यांतली बरीच पदे वरच्या घरातल्या मुली सभागृहात करू लागल्या, तेव्हा ती संस्कृती झाली. आज पुण्या-मुंबईतल्या आया मुलीला भरतनाट्यम्‌च्या क्लासला घालतात, ते तिला चांगले वळण लागावे म्हणून! दोष हातवाऱ्यांत नव्हता. दोष होता मुलीला पर्याय न ठेवणाऱ्या व्यवस्थेत. ती बदलायला कायदा लागला. आणि शिक्षा मात्र नाचालाही झाली.

चाळीस वेली आणि एक रात्र

आता या खोऱ्यातल्या सर्वांत मोठ्या परीक्षेकडे वळू.

नंदन हा कावेरीच्या मुलखातल्या आदनूरचा शेतमजूर, अस्पृश्य जातीतला शिवभक्त. चिदंबरमला नटराजाचे दर्शन घ्यायची त्याला आस. ‘उद्या जाईन, उद्या जाईन’ म्हणत राहिला म्हणून त्याचे नावच ‘उद्या जाणारा’ असे पडले. बाराव्या शतकातल्या ‘पेरियपुराणम्’मध्ये त्याची छोटीशी कथा आहे. आपल्याकडे चोखोबा देवळाच्या पायरीशी, तसा तमिळनाडूत नंदन.

नागपट्टिनमजवळच्या नरिमणम् इथे जन्मलेल्या गोपालकृष्ण भारती या ब्राह्मण कवीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या कथेचे गेय नाट्य केले, ‘नंदनार चरित्रम्’. मूळ पुराणात नसलेले एक पात्र त्यांनी घातले. ते म्हणजे नंदनाचा मालक, ब्राह्मण जमीनदार वेदियर. नंदन रजा मागतो. मालक म्हणतो, आधी चाळीस वेली शेताचे काम उरक, मग जा. एक वेली म्हणजे सुमारे साडेसहा एकर. म्हणजे अडीचशे एकरांहून जास्त! रात्रीत देवाच्या कृपेने सारे काम होते, सकाळी पीक डुलत असते आणि मालक आपल्या मजुराच्या पायावर कोसळतो. पुढे चिदंबरमला नंदन अग्नीत शिरतो आणि शुद्ध होऊन देवापर्यंत पोचतो.

पंडितांना हे रुचले नाही. मायावरमचे थोर विद्वान मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांच्याकडे भारती प्रशस्तीचे पद्य मागायला गेले, तेव्हा पिळ्ळै टाळत राहिले. पुराणात नसलेला जमीनदार घातला, भाषेतही चुका, हे त्यांचे आक्षेप. भारती पुनःपुन्हा येत राहिले. एके दिवशी ते बाहेर बसून नंदनाचे पद गाऊ लागले. आत असलेल्या पिळ्ळैंचे मन विरघळले आणि त्यांनी पद्य लिहून दिले. पिळ्ळैंचे शिष्य उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी ही आठवण लिहून ठेवली आहे. एका गाण्याने एक पंडित बदलला, याचा हा लेखी पुरावा.

फ्रेंचांच्या ताब्यातल्या कारैकालमध्ये एका फ्रेंच अधिकाऱ्याने हे पुस्तक छापण्याला हातभार लावला. त्याच सुमाराला, 1860 च्या दशकात, रामचंद्र मोरगावकर बुवांची मराठी कीर्तने तंजावरात गाजली. तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तो बाज उचलला. साकी, दिंडी, ओवी, अभंग तमिळ हरिकथेत शिरले आणि या हरिकथेतून नंदन गावोगाव पोचला. पुढे त्याच्यावर बोलपट निघाले. 1935 च्या चित्रपटात तर के. बी. सुंदरांबाळ या गायिकेने नंदनाची भूमिका केली. गांधीजींनी नंदनाचा आदर्श म्हणून गौरव केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 मध्ये आपला ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला.

शंभर वर्षे या खोऱ्यातले जमीनदार मांडवात बसून नंदनासाठी रडले. भागवतरांना शाली पांघरल्या. सकाळी उठून ते आपल्या शेतावर गेले. तिथे खरा नंदन चिखलात वाकून भाताची लावणी करत होता. देवळाच्या आवारात होणाऱ्या त्याच्याच कथेला त्याला आत येऊन बसता येत नव्हते.

मंदिरांचे दरवाजे उघडले ते 1939 मध्ये. मद्रास सरकारने मंदिरप्रवेशाला कायद्याचे संरक्षण दिले, तेव्हा. तंजावरच्या भोसले घराण्यातल्या वंशपरंपरागत विश्वस्तांनी त्याच वर्षी बृहदीश्वराचे मंदिर सर्वांना खुले केले. मराठी माणसाने अभिमान धरावा अशी ही गोष्ट. नंदनाच्या कथेने त्यासाठी मने नांगरली होती, हे नाकारता येणार नाही. पण नांगरट झाली तरी पेरणी कायद्याला करावी लागली.

कीळवेण्मणीची आग

आणि शेताचे काय? मजुरीचे काय?

25 डिसेंबर 1968 ची रात्र. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातले, आज नागपट्टिनम जिल्ह्यात असलेले कीळवेण्मणी गाव. मजुरांनी संघटना केली होती आणि मजुरीत थोडे जास्त भात मागितले होते. जमीनदारांची माणसे चालून आली. घाबरलेले लोक एका झोपडीत शिरले. झोपडी पेटवून देण्यात आली. 44 दलित माणसे जळून मेली. त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे होती. खालच्या कोर्टाने जमीनदारांना शिक्षा दिली, उच्च न्यायालयात ते सुटले.

ज्या मुलखाने नंदनाच्या अग्निप्रवेशावर शतकभर आसवे गाळली, त्याच मुलखात ही आग लागली!

रूसो हे ऐकून मान डोलावता. तो म्हणता, पाहा, रडून मोकळे झाले की झाले. पण गोष्ट इथेही संपत नाही. कुंभकोणममध्ये वाढलेले लेखक इंदिरा पार्थसारथी यांनी कीळवेण्मणीवर ‘कुरुदिप्पुनल’ ही कादंबरी लिहिली. तिला 1977 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पाठोपाठ त्यांनी ‘नंदन कथै’ हे नाटक लिहिले. त्यात नंदन देवाच्या कृपेने शुद्ध होत नाही. वरच्या जातींचे लोक कट करून त्याला आगीत ढकलतात. जुन्या नाटकाने प्रेक्षकाला रडवले होते. नव्याने त्याला विचारले, ‘आग लावली कोणी?’ आणि कृष्णम्माल व शंकरलिंगम् जगन्नाथन् या गांधीवादी दांपत्याने त्याच भागात ठाण मांडून भूमिहीन मजुरांच्या बायकांच्या नावावर जमिनी करून देण्याचे काम केले. चाळीस वेलींचा खरा हिशेब असा सुरू झाला.

शारदेचे लग्न

मराठी रंगभूमीचा अनुभव वेगळा नाही. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ 1899 मध्ये रंगमंचावर आले. म्हाताऱ्या नवऱ्याला पैशासाठी विकल्या जाणाऱ्या मुलीसाठी सारा महाराष्ट्र हळहळला. जरठकुमारी विवाह हा शब्द घरोघरी पोचला. पण मुलीचे लग्नाचे वय निदान चौदा असावे, असे सांगणारा कायदा यायला 1929 साल उजाडले. या मधल्या तीस वर्षांत ‘शारदा’ पाहून डोळे पुसणाऱ्या कितीतरी बापांनी आपल्या मुली अजाणत्या वयातच उजवल्या. तरीही ‘शारदा’ नसते, तर त्या कायद्याच्या बाजूने बोलायला जीभ आणि ऐकायला कान कुठून आले असते?

म्हणून नाटक सुधारते की बिघडवते, हा प्रश्नच अर्धवट आहे. नाटक दाखवते. आंधळ्या जागेवर दिवा धरते. दिव्यात जे दिसले त्याचे काय करायचे, हे नटाच्या हाती नाही. ते मांडवातून उठून घरी जाणाऱ्याच्या हाती आहे. शाहजीराजांच्या चावट नाटकाने कोणी बिघडले नाही आणि नंदनाच्या पवित्र कथेने जमीनदार आपोआप सुधारले नाहीत. बंदी घालून नीती टिकत नाही, तशी तिकीट काढूनही ती मिळत नाही.

घरात मुले टीव्हीवर काय पाहतात, याची काळजी आईबापांनी जरूर करावी. लहान मुलांना काय दाखवावे याला ताळतंत्र हवेच. पण ‘काय पाहिले’ यापाशी थांबू नये. पाहून झाल्यावर मुलांशी बोलावे. कोणावर अन्याय झाला? कोणी केला? आपल्या घरात तसे कोणी आहे का?

आषाढी एकादशीला चोखोबाचा अभंग ऐकून डोळ्यांना पदर लावणाऱ्या घरात कामवाल्या बाईचा कप वेगळा ठेवलेला असतो. फळीच्या कोपऱ्यात, कान तुटलेला. मुलांचे डोळे रंगमंचावर असतात, तसे त्या कपावरही असतात. नीतीचा धडा ती तिथूनच घेतात.

तो कप आधी बदलायला हवा.